४२ दिवसांची उधारी : अन्नपूर्णा महिला मंडळाची पन्नास वर्षे

मुंबईतल्या खाणावळवाल्या बायकांच्या संस्थेचा इतिहास देवबागेत बसून लिहितो आहे, कारण त्या खाणावळींत जेवणारी माणसे इथल्यासारख्या गावांतूनच गेली होती. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. भाताला जमीन बेताची, पावसाळ्यात मासेमारी बंद, घरात खाणारी तोंडे भरपूर. घरातला एक तरी माणूस मुंबईला, हे ठरलेलेच. माझे वडील त्यांतलेच एक. लालबागच्या एका खाणावळीत ते कित्येक वर्षे जेवले. ती चालवणारी बाई आमच्या नात्याची नव्हती, पण घरात तिचे नाव ‘मावशी’ असेच निघायचे. रजा संपवून परत जाताना वडिलांच्या पिशवीत सुके बांगडे, सोलां आणि तिरफळांची पुरचुंडी असायची. ती तिच्यासाठी.

अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ साली स्थापन झाले. मंडळाच्या कामाचा आलेख कर्जांच्या आकड्यांत मांडता येतो, आणि तो मांडला गेलाही आहे. या लेखात मला त्याच्या मागचे सांगायचे आहे : परमुलखात आलेल्या बायका आपल्या लोकांना दोन वेळचे जेवण घालून संसार चालवत होत्या, आणि तो व्यवसाय आहे हे त्यांच्यासकट कोणालाच मान्य नव्हते. ते मान्य करून घेण्याचे काम मंडळाने केले.

१९७५ पूर्वी : बोटीने आलेली माणसे

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोड, शिवडी, नायगाव या भागांचे गिरणगाव झाले. कामगार आले ते मुख्यतः त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून, आणि घाटावरच्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतून. आमच्या किनाऱ्यावरची माणसे आगबोटीने जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडावाने तिच्यापर्यंत जावे लागायचे. वल्हे मारणाऱ्याच्या पाठीआड गाव दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे, हे वडिलांकडून अनेकदा ऐकले आहे.

बायकामुले गावाला ठेवून पुरुष एकटे यायचे. एका दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीसजण पाळीपाळीने झोपत. एक कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. स्वयंपाकाला जागा नाही, वेळ नाही आणि बहुतेकांना तो येतही नाही. तिथेच खाणावळ उभी राहिली.

परमुलखात गेलेल्यांचा पहिला धंदा पुष्कळदा अन्नाचाच असतो. इराणातून आलेल्यांनी मुंबईत कोपऱ्याकोपऱ्यावर चहा-बनमस्क्याची हॉटेले काढली. यवतमाळकडच्या, अक्षरओळख नसलेल्या राधाबाई वनारसे लंडनला गेल्या आणि तिथे खाणावळ चालवून उभ्या राहिल्या. सरोजिनी वैद्य यांच्या ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला त्या ठाऊक आहेत. परक्या ठिकाणी भांडवल नसते, ओळख नसते, भाषा अडते. हाताला असलेली चव मात्र बरोबर आलेली असते, आणि त्या चवीसाठी आसुसलेले आपलेच लोक आजूबाजूला असतात. गिरणगावातल्या बायका याच वाटेने धंद्यात आल्या. कोणी विधवा, कोणाचा नवरा आजारी नाहीतर कामावरून काढलेला, कोणाला टाकलेले. काही स्वतः गिरणीत वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यात होत्या. यंत्रे बदलत गेली, बायकांची खाती आटत गेली, आणि त्यांच्या हाती पुन्हा चूल आली.

खाणावळीचे गणित समजून घेतल्याशिवाय मंडळाचे काम समजणार नाही, म्हणून थोडे थांबतो. एका बाईकडे दहा ते वीस ‘मेंबर’. प्रत्येकाची पाळी वेगळी, म्हणून चूल पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पेटलेली. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री बारानंतर जेवायला येणार आणि त्याला भात गरम लागणार. जो जेवायला येणार नाही त्याचा ‘खाडा’ वहीत मांडायचा. बाईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी खाडे मांडायची. पैसे महिन्याच्या पगारावर. म्हणजे महिनाभर धान्य, तेल, मासळी, रॉकेल आपल्या खिशातून आणायचे, आणि खिशात काही नसायचे. मग वाणी उधार द्यायचा; उधारीचा भाव चढा आणि माल हलका. वाण्याचे भागवायला सावकार. त्याचे व्याज महिन्याच्या महिन्याला, आणि तेही भारी. एवढे करून महिनाअखेरीस हातात उरायचे ते बहुधा घरच्या माणसांचे जेवण. रोज पंधरा माणसे जेवू घालणारी बाई आयुष्यभर कर्जातच राही, याचे कारण तिचा आळस किंवा अडाणीपणा नव्हता. तिच्या धंद्याला खेळते भांडवल नव्हते, एवढेच.

ही गोष्ट ज्यांच्या लक्षात आली आणि ज्यांनी पुढे मंडळ उभे केले त्या प्रेमाताई पुरव स्वतः स्थलांतरित होत्या. त्या गोव्याच्या. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथून मुंबईला येणे म्हणजे कागदावर एका देशातून दुसऱ्या देशात येणे होते. गोवामुक्तीच्या लढ्यात त्यांनी पायावर गोळी झेलली. आमच्या भागाला या लढ्याची आठवण वेगळी सांगायला नको. सावंतवाडी, बांदा ही सत्याग्रहींची ठाणी होती, आणि १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर कसा गोळीबार झाला हे इथल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या मुलांना सांगितले आहे. मुंबईत प्रेमाताई साम्यवादी विचारांच्या कामगार चळवळीत आल्या. त्यांचे पती कॉम्रेड दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते. एका घरात कामगार चळवळ आणि बँकेची माहिती एकत्र आली, याचा मंडळाला पुढे मोठा उपयोग झाला.

१९७३-७४ मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला. तो ४२ दिवस चालला. पगार बंद, म्हणजे खाणावळीचे पैसे बंद. पण गिरणगावातल्या चुली विझल्या नाहीत. बायकांनी मेंबरांना उधारीवर जेवू घातले. वाण्याने हात आखडल्यावर भांडी गेली, मग अंगावरचा दागिना गेला. वडील सांगायचे की त्या दिवसांत ताटात मासळी दिसेनाशी झाली, मग डाळ पातळ झाली, पण ‘आज जेवण नाही’ असे मावशीने एकदाही म्हटले नाही. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढाऱ्यांची भाषणे लिहून ठेवली आहेत. ४२ दिवस अडीच-तीन पावशेर तांदळात किती ताटे वाढायची याचा हिशेब कोणी लिहिला नाही. कामगार संघटनेच्या कामातून या चाळींत फिरणाऱ्या प्रेमाताईंनी तो पाहिला, आणि लढ्याचा भार वाहणाऱ्या या बायकांची स्वतःची संघटना का नसावी हा प्रश्न तिथे उभा राहिला.

१९७५ ते १९८१ : चौदाजणी

काळ अनुकूल होता असेच म्हणावे लागेल. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ पासून दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देणारी योजना चालू झाली होती. तिच्यात खेळत्या भांडवलासाठी १५०० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शके. मुंबईच्या बायका मृणाल गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकरांच्या मागे लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. अहमदाबादेत ‘सेवा’ या संघटनेने १९७४ साली कष्टकरी बायकांची स्वतःची बँक उभी केली होती. आणि १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष.

मंडळाची सुरुवात १४ खाणावळवाल्यांपासून झाली. हा आकडा लहान दिसतो. पण योजना सरकारी कागदावर असणे आणि लालबागच्या चाळीतल्या बाईने बँकेच्या काचेच्या दारातून आत जाणे, यांत फार मोठे अंतर होते. साहेबासमोर खुर्चीत बसायचे की उभे राहायचे इथपासून प्रश्न. फोटो काढायचा, रेशनकार्ड न्यायचे, अंगठा उठवायचा. आणि अर्जात एक रकाना असायचा : व्यवसाय. मावशीला पुढे कर्ज मिळाले तेव्हा तो रकाना आला, आणि ती म्हणाली, “मी धंदो खंय करतंय? मी जेवाण रांधतंय.” तिला आपण वीस वर्षे धंदा करतो आहोत हे त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी सांगितले. हे सांगणारी मंडळाची कार्यकर्ती होती. ती स्वतःही खाणावळवालीच होती.

कर्ज देताना तारण काय, हा बँकेचा प्रश्न रास्त होता. मंडळाने त्याला उत्तर दिले ते शेजारणींच्या जामिनाचे. एका वस्तीतल्या बायकांचा गट, गटातल्या एकीची हमी बाकीच्यांनी घ्यायची, हप्ता थकला तर सगळ्यांनी मिळून बघायचे, आणि वस्तीवस्तीच्या समित्यांनी अर्जदार बाईची चूल खरोखर किती माणसांची आहे हे जाऊन पाहायचे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पुढे याला मोठी नावे मिळाली. बांगलादेशात महंमद युनूस यांनी याच सुमारास, १९७६ साली, जोब्रा गावात आपला प्रयोग सुरू केला. किनाऱ्यावरून आलेल्या बायकांना मात्र ही कल्पना नवी वाटली नसणार. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, अशीच ओढतात. दोर सगळ्यांनी धरायचा, मासळी किनाऱ्यावर आली की वाटे पडायचे, आणि ज्याचा हात सुटला त्याला गाव नाव ठेवतो.

पंधराशे रुपयांनी काय झाले? महिन्याचे धान्य एकदम आणि रोखीने घेता आले. उधारीचा चढा भाव सुटला. सावकाराचे व्याज सुटले. एखादे मोठे पातेले आले, स्टोव्ह आला. जेवणाचा दर तोच राहिला, मेंबर तेच राहिले, आणि तरी महिनाअखेरीस चार पैसे उरू लागले. तेच पैसे हप्त्याला गेले. गरीब बाईकडून कर्ज परत येत नाही ही समजूत या हप्त्यांनी खोटी पाडली. चौदाजणींच्या मागून शेकडो आल्या, आणि काही वर्षांत त्या हजारोंच्या घरात गेल्या.

एक नोंद आवर्जून करायला हवी. प्रेमाताईंचे नाव पुढे येते ते योग्यच आहे. पण वस्तीत फिरून अर्ज भरणाऱ्या, बँकेच्या रांगेत दुसरीच्या सोबतीला उभ्या राहणाऱ्या, थकलेल्या हप्त्यासाठी रात्री जेवणे उरकल्यावर दारोदार जाणाऱ्या बायकांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत. मंडळ उभे राहिले ते त्यांच्या पायांवर. इतक्या माणसांच्या कामात मतमतांतरे व्हायचीच, तशी ती झाली असतील. त्यांची उजळणी या प्रसंगी करण्याचे प्रयोजन नाही.

१९८२ ते १९९० : भोंगे थांबल्यावर

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आधीचा संप ४२ दिवसांत मिटला होता. हा मिटलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, आणि ज्या उघडल्या त्यांनी पुष्कळांना परत घेतले नाही.

खाणावळींवर आलेली ही दुसरी आणि मोठी आपत्ती. मेंबर गावाला निघून आले. देवबागेत त्या वर्षी शिमग्याला आलेली माणसे गणपतीपर्यंत परत गेली नाहीत, आणि गणपतीनंतर ती जाणारच नाहीत हे हळूहळू कळत गेले. माझे वडील त्यांत होते. मावशीच्या वहीत त्यांच्या नावापुढे बाकी होती. ती त्यांनी पुढे हातात पैसे आले तसतशी मनीऑर्डरने फेडली, आणि शेवटची पावती ट्रंकेत जपून ठेवली. सगळ्यांनाच ते जमले नाही. ज्यांना जमले नाही त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ज्या धंद्यासाठी कर्ज घेतले तो धंदाच निघून गेल्यावर संस्था मोडायला हवी होती. ती मोडली नाही, ही मंडळाच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बायकांनी गिऱ्हाईक बदलले. गिरणीतला मेंबर गेला, पण मुंबईत ऑफिसे वाढत होती, नोकरी करणाऱ्या बायका वाढत होत्या, आणि त्यांना घरच्यासारखी पोळीभाजी हवी होती. खाणावळीचा डबा झाला, डब्याची पोळीभाजी झाली, सणासुदीच्या पुरणपोळीच्या आणि फराळाच्या मागण्या येऊ लागल्या. मंडळाने एकत्रित स्वयंपाकघरे आणि कँटीन चालवायला घेतली. एकटीने दहाजणांचे जेवण करणाऱ्या बायकांना शेकडो ताटांची मागणी वेळेवर पुरवण्याची शिस्त लागली. मापे, साठवण, हिशेब, स्वच्छता यांचे प्रशिक्षण तेव्हाच्या गरजेतून आले.

कर्जाच्या पलीकडचे प्रश्नही याच काळात मंडळाच्या अंगावर आले. नवरा पैसे काढून घेतो, मारतो, खोली त्याच्या नावावर आहे, बाई आजारी पडली की चूल बंद. म्हणून कायद्याचा सल्ला, आरोग्य तपासणी, आधार लागेल तिथे आधार. नवी मुंबईत वाशीला मंडळाचे केंद्र उभे राहिले. तिथे नोकरी करणाऱ्या एकट्या मुलींसाठी वसतिगृह झाले. गावाकडून शहरात एकटे येणारे आता मुलगेच राहिले नव्हते, हे मंडळाने वेळेवर ओळखले.

१९९१ ते २०१० : दुसरी पिढी

नव्वदच्या दशकात गिरण्यांच्या जमिनींवर इमारती येऊ लागल्या. चिमण्या राहिल्या, त्यांच्याखाली मॉल झाले. खाणावळवाल्यांच्या मुली शिकल्या. ज्या मुलीने खाडे मांडले तिने पुढे कुठे ना कुठे हिशेबाची नोकरी धरली, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत.

कामाची दुसरी शाखा पुण्यात फुटली. प्रेमाताईंच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ साली अन्नपूर्णा परिवाराचे काम उभे केले. तिथले सभासद वेगळे : भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या, टपरी चालवणाऱ्या, पुन्हा बहुतेक बाहेरगावाहून आलेल्या. तिथे बचत, विमा आणि पाळणाघरे यांची जोड मिळाली. कर्ज घेणारी बाई आजारी पडली की सारे कोसळते हा मुंबईचा जुना अनुभव होताच. पुण्याच्या कामात त्यावर विम्याचा उपाय आला.

२००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. वडिलांनी वर्तमानपत्रातले कात्रण कापून देव्हाऱ्याशेजारी लावले होते. त्यांनी प्रेमाताईंना कधी पाहिलेले नव्हते.

२०११ ते आज : पुन्हा किनाऱ्यावर

मंडळाचे आजचे काम मुंबईत चालू आहे, आणि त्याचा तपशील ते करणाऱ्यांनीच लिहावा. मी देवबागेतून जे दिसते तेवढे लिहितो.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. ज्या पट्टीवरून माणसे पडावात बसून निघून गेली तिथे आता मुंबई-पुण्याची माणसे पाहुणी येतात. संगमावर बोटी, तारकर्लीला स्कूबा, आणि वाडीवाडीत ‘निवास न्याहारी’ची पाटी. खोल्या बांधतात पुरुष. पण पाहुणा दुसऱ्यांदा येतो तो सुरमईच्या तिखल्यासाठी आणि सोलकढीसाठी, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या बायका स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना खारफुटी दाखवतात. या बायकांपैकी कितीजणींनी अन्नपूर्णेचे नाव ऐकले असेल, सांगता येत नाही. गटाची हमी, आळीपाळीचे कर्ज, हप्त्याला एकमेकींच्या दारात जाणे, ही रीत मात्र त्याच घराण्यातली आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात कोरोनामुळे मुंबई बंद पडली आणि चाकरमानी परत आले. शाळांच्या वर्गांत चौदा चौदा दिवस ठेवलेल्या माणसांना गावाने जेवण पोचवले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने घरांची कौले आणि माड दोन्ही पाडले, तेव्हाही चुली एकत्र पेटल्या. त्या वेळी वयस्कर माणसांच्या तोंडी १९८२ च्या गोष्टी पुन्हा आल्या.

आणखी एक बदल आहे, आणि त्याकडे आपले लक्ष कमी आहे. मालवणच्या किनाऱ्यावर ट्रॉलरवर आणि बांधकामांवर आता बाहेरची माणसे राबतात : नेपाळची, उत्तरेकडची, कर्नाटकातली. घरे लांब, भाषा वेगळी, एका खोलीत आठ-दहाजण. त्यांना आमचा उकडा भात जड जातो. आमच्या वाडीतली एक बाई गेली दोन वर्षे त्यांच्यासाठी डबे करते. तिने पोळ्या जाड करायला शिकून घेतले, डाळ त्यांच्या चवीची केली. तिच्याकडेही वही आहे, खाडे आहेत, आणि मासळी लागली नाही तर पैसे पुढच्या फेरीवर आहेत.

गेल्या महिन्यात ती मालवणला बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन गेली. मी सोबतीला होतो. अर्ज तिने स्वतःच भरला, माझ्याकडे फक्त पेन मागितले. व्यवसायाच्या रकान्यात तिने लिहिले ‘खाणावळ’, आणि साहेबाने वर पाहिले तेव्हा म्हणाली, “जरा बेगीन करा, रातच्या जेवणाक अकरा जण आसत.”